चुन्याच्या डब्या

माय, आज अंगणवाडीत तुझा खेळ मांडला. चुन्याच्या सात रिकाम्या डब्या धुऊन उन्हात वाळवल्या, झाकणांना दाभणानं भोकं पाडली आणि आत घातलं ओवा, हिंग, लिंबाची साल, कापूर, मेथीदाणे, चहापत्ती. एकीत नुसती ओली माती. पोरं अशी रंगली की खिचडीची वेळ झाली तरी उठेनात. ओव्याची डबी नाकाशी नेऊन एक जण म्हणतो, "हाऊ आजीना वास शे." पोट धरून हसलो आम्ही. एक पोरगी मात्र दर वेळी झाकण हळूच उघडायची, आत बघायची आणि मग ठसक्यात नाव सांगायची. पकडली तिला. "नाक बंद शे मन्हं, ताई," ती म्हणाली, "म्हनीसन देखी लिधं." ते ऐकलं आणि मला तूच आठवलीस.

कारण तूही अश्शीच करायचीस. प्रकाशा गावातल्या आपल्या घरात मला चुलीपाशी बसवायचीस. "डोया झाक नी सांग, काय शे?" मी नाव सांगितलं की डबीच्या झाकणाचा बारीक आवाज यायचा, मग तुझं "बरोबर". मला वाटायचं, तू उगाच खात्री करतेस. तूप कढलं का, डाळ आंबली का, सगळं मलाच विचारायचीस आणि मी शेफारायचे, की घरात माझ्यासारखं नाक कुणाला नाही. संध्याकाळी मावशीला फोन लावला. ती म्हणाली, लहानपणी तुला मोठा ताप आला, तेव्हापासून कसलाच वास येत नव्हता; सासरी कळू द्यायचं नाही म्हणून तू तिला शपथ घातली होतीस. आधी रागच आला तुझा, मला तरी सांगायचंस. मग हसूच आवरेना. सगळ्या घराला इतकी वर्षं चकवलंस, तेही माझ्या नाकानं, आणि त्याच खेळावर मी आज वर्गभर पोरं नाचवतेय. पक्की होतीस गं तू.

हे पत्र टाकायचं तरी कुठं, म्हणून हजेरीच्या वहीत मागच्या पानावर लिहितेय. एक गोष्ट सांगायची राहिलीय. आपण सारंगखेड्याच्या जत्रेला निघणार होतो ती सकाळ. तू भाकरी थापतेयस, दूध तुझ्या पाठीमागे शेगडीवर. मी उंबऱ्यात आरसा घेऊन बसलेय. "दूध लागी ऱ्हायनं का व?" तू विचारलंस. मी म्हटलं, "नही." मग आजी आत आली नि करपलेलं पातेलं बघून तुझ्यावर कडाडली, "नाक शे का नही तुले?" तू एवढंच म्हणालीस, "मन्हं ध्यान नव्हतं." ते पातेलं घासायला तू मागे राहिलीस आणि मी आजीचं बोट धरून घोडे बघून आले.

वास मला आला होता, माय. नव्या रिबिनी बांधायच्या होत्या.