उपाशी चुना

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची! ट्रंक, थाप्यांची पिशवी आणि मी, तिघीही धडधाकट. खोली छोटी आहे, पण खिडकीतून सगळं काम दिसतं. आगीत कोसळलेलं जुनं नगरसभागृह, भोवती बांबूची परांची आणि अंगणात चुना मुरवायचे हौद. तो वास नाकात शिरला आणि घरी आल्यासारखं वाटलं. मी मुळाक्षरं पाटीवर नाही, ओल्या गिलाव्यावर बोटानं गिरवली आहेत. चुकलं की आत्या वरून थापी फिरवायची आणि म्हणायची, हं, पुन्हा.

हे माझ्या नावावरचं पहिलंच काम. बाबांच्या बोटांना आता थापी धरवत नाही, म्हणून त्यांना आलेलं बोलावणं माझ्याकडे आलं. निघताना त्यांनी एवढंच बजावलं की वेळ लागला तर लागू दे, पण भिंतीशी खोटं बोलू नकोस. प्रवासभर मला एकच घोर होता, मला येतं तेवढं पुरेल ना?

साहेब, म्हणजे इथले मुख्य वास्तुतज्ज्ञ, भले वाटले. त्यांचा नियम एकच. इमारत जशी होती तशीच उभी राहणार. तेच दगड, तसाच चुना, तशीच हत्यारं, सिमेंटचा कणही नाही. मोठे गवंडी उंच आणि ताठ आहेत, वरून ओळंबा सोडावा तसे, म्हणून सगळे त्यांना ओळंबामामा म्हणतात. माझं घराणं कळल्यावर ते म्हणाले, वा! पिढ्यान्‌पिढ्या लोकांना चुना लावूनही ज्यांनी शिव्या खाल्ल्या नाहीत, असे तुम्हीच. हसता हसता माझा चहा सांडला.

७ फेब्रुवारी

मला दप्तरखाना दिला आहे. इमारतीच्या अगदी पोटातली ही खोली. गावाचे कागद इथे ठेवत, म्हणून ना खिडकी ना झरोका. दार एकच, जाड लाकडाचं, इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. मामांनी भिंती उभ्या केल्या आहेत, आतला गिलावा माझा.

ढिगाऱ्यातून जुन्या गिलाव्याचे तुकडे निवडून पत्र्याच्या शेडमध्ये मांडून ठेवले आहेत. त्यांवरची प्रत्येक खूण नव्या भिंतीवर उमटायला हवी, असं साहेबांनी सांगितलं आहे. बहुतेक खुणा ओळखीच्या आहेत. थापीची कड, बोटांचे फराटे, एके ठिकाणी कुणीतरी कंटाळून काढलेली नक्षी. काही तुकड्यांवर मात्र उथळ, गुळगुळीत खळगे आहेत. कुठल्या हत्याराचे ते कळत नाही. एका तुकड्याची तर जागाच सापडत नाही. त्याची खालची कड सरळ आहे, खळगाही आहे, पण तो कुठल्याच उंचीवर बसत नाही. साहेब म्हणाले, राहू दे बाजूला, मिळेल जागा.

१५ फेब्रुवारी

शेवटचा हात घोटून झाला. कंदिलाचा उजेड भिंतीवर असा पसरतो की साय धरल्यासारखी वाटते. मामांनी चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, काही बोलत नाही, दृष्ट लागेल. बाबांना फोनवर सांगितलं. आत्या मागून ओरडली की कोपरे बघितलेस का, कोपरे! बघितले होते. पुन्हा जाऊन बघितले.

२ मार्च

भिंत धरत नाही.

बाहेरच्या दालनांतला गिलावा केव्हाच टणक झाला. दप्तरखान्यात मात्र नख लावलं की लोण्यात शिरावं तसं आत जातं. ठोकलं की भद्द आवाज येतो. चुना तोच, वाळू तीच, हातही माझाच.

साहेब रागावले नाहीत, रागावले असते तर बरं वाटलं असतं. २८ तारखेला हे काम देणाऱ्या मंडळाची तपासणी आहे. तोवर ही खोली टणक झाली नाही, तर पुढच्या सगळ्या कामात सिमेंट येईल, आणि चुन्याच्या कारागिरांना इथे पुन्हा कुणी बोलावणार नाही. हे त्यांनी हवामान सांगावं तितक्या शांतपणे सांगितलं.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, उपाशी आहे गं तो. चुना वाळून घट्ट होत नाही, हवा खाऊन होतो, आणि आपण सोडतो ती हवा त्याला जास्त मानवते. बंद तळघराचं काम असलं की आजोबा सगळं घर आत बसवत. तिथेच जेवण, तिथेच भांडण, तिथेच पोरांचा अभ्यास. भिंत माणसांवर पोसायची, असं ते म्हणाले आणि हसले.

४ मार्च

मी आणि मामा आता दुपारभर आत बसतो. जेवतो, हत्यारं घासतो. मामा सुनेच्या तक्रारी सांगतात. ते म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा नुसता श्वास घ्यायची मजुरी मिळतेय, बायकोला सांगितलं तर ती म्हणेल, घरी तरी दुसरं काय करता! मी ही रोजनिशीही इथेच लिहिते.

९ मार्च

धरली! मी टेकून बसते तिथली भिंत दगडासारखी झाली आहे. नख सरकतं, ठोकलं की टण्ण वाजते. बाबांना फोन करताना मला रडू आलं.

पण फक्त माझ्याच बाजूची. मामा बसतात तिथला गिलावा अजून लगदाच आहे. ते म्हणाले, माझ्या श्वासाला कांद्याचा वास, खानदानी भिंतीला कसा चालेल? आम्ही जागा बदलून पाहिल्या. मी बसले की तिथे धरते. मामांनी मग विनोद केला नाही.

१३ मार्च

त्या खळग्यांचं हत्यार सापडत नव्हतं. चमच्याची पाठ दाबून पाहिली, अंगठा, कोपर, सगळं पाहिलं. आज तुकडा उजेडाकडे तिरका धरला तेव्हा खळग्याच्या तळाशी बारीक चिरा दिसल्या. उभ्या, एकमेकींना लागून. अशा चिरा मी रोज आरशात बघते.

ते ओठ आहेत. कुणीतरी ओल्या भिंतीला तोंड लावून उभं होतं.

लावायला नको होता, पण लावला. तुकडा माझ्या तोंडाला नेमका बसला. थंड असायला हवा होता.

१७ मार्च

मामा आत यायला तयार नाहीत. म्हणाले, तिथे मी श्वास सोडतो तो जातो, पण घ्यायला जातो तेव्हा काही येत नाही. दोन पावसाळे जास्त पाहिलेल्याचं ऐक, बाहेर ये, असंही म्हणाले. मी म्हटलं, अजून दोन भिंती राहिल्या आहेत. दुपारी खोकला वाढला आणि ते लेकीकडे गेले. जाताना त्यांनी दाराला हात जोडले. पाठ वळेपर्यंत त्यांची नजर दारावरून हलली नाही.

साहेबांना खळग्यांचं सांगितलं. त्यांनी तुकडे पाहिले आणि म्हणाले, तुम्हाला थोडी विश्रांती हवी आहे. खरंच असेल. घरीसुद्धा मी कुलूप ओढून ओढून बघणारीच आहे.

२० मार्च

जिना चढताना धाप लागते. अंगणातही छाती भरत नाही. दप्तरखान्यात गेलं की बरं वाटतं. हे उलटं आहे, कळतं मला.

दाराशी बसून बाबांना फोन केला. बोलता बोलता ते थांबले आणि म्हणाले, कोण बसलंय गं तुझ्याजवळ? मी म्हटलं, कुणी नाही, मामा गेले. ते म्हणाले, मग दमेकऱ्यासारखा श्वास कोण घेतंय? तुझा नाही तो, तुझा मी पाळण्यापासून ऐकतोय.

मी श्वास रोखून ऐकलं. मग मलाही तो ऐकू आला.

बाबा म्हणाले, सोड ते काम, आजच्या आज निघ, भिंत गेली तर गेली. आवाज धीराचा होता. पण मागे आत्या शेजारणीला सांगत होती की आमच्या पोरीनं भिंत धरवली. मी म्हटलं, २८ झाली की निघते.

२३ मार्च

तीन भिंती टणक झाल्या. त्यांवर माझ्या तोंडाच्या उंचीवर खळगे आहेत. मी केलेले नाहीत. मला आठवत तरी नाही. जुन्या तुकड्यांशी ताडून पाहिले. हुबेहूब. साहेब खूश आहेत. म्हणाले, कमाल केलीत, जसं होतं तसं.

खळग्यांतून उबदार हवा येते. झोपलेल्या मुलाच्या तोंडाशी हात धरावा तशी.

२५ मार्च

आता उभं राहवत नाही. बसूनच —

बसलेल्या उंचीवरही खळगे आहेत. शेडमधले खालच्या भागातले तुकडे तिथे नीट बसतात. म्हणजे तेव्हा इथे होती तीही आधी उभी होती. मग बसली.

२७ मार्च

साहेब मंडळाला आणायला गेलेत. उद्या सकाळी येतील. दारामागचा एक कोपरा अजून मऊ आहे. हाताएवढाच. वरून चुन्याची निवळी फिरवली तर कुणाला कळणारही नाही.

मला कळेल. बाबा विचारतील, सगळीकडे धरली का? मी हो म्हणू शकणार नाही.

दार लावून घेतलं. फटीला ओलं पोतं लावलं — श्वास बाहेर जायला नको. थोडाच वेळ. टणक झाला की लगेच —

टॉर्च आहे. कोपरा धरतोय. कडा टणक झाल्या.

दुपार असेल. फटीतून उजेड यायचा तो दिसत नाही. पोतं काढायला गेले. पोतं कडक झालंय. दाराच्या फटी भरल्यात, आतून, घोटून. मी नाही भरल्या. हात माझ्यासारखाच आहे — पण मी नाही —

ठोकलं. टण्ण. दारही टण्ण वाजतं.

फोन शेडमध्ये राहिला. त्या तुकड्यापाशी.

खळग्याला तोंड लावलं की भिंत थोडी हवा देते. थोडीच. मग जास्त घेते.

खाली गार आहे. आडवी झाले.

बाबा, कोपरा धरला. नख लावून पाहिलं, ओरखडासुद्धा नाही. सगळीकडे धरली, खोटं नाही सांगत.

त्या तुकड्याची जागा कळली. सरळ कड जमिनीची होती. जमिनीलगत, दारामागे. गाल टेकला की तोंड बरोबर तिथेच —

साहेबांना सांगा, उंची जुळते, जसं होतं त—