लेह ते पोर्ट ब्लेअर, चार तास

गुरुवार, संध्याकाळ. निगडी, पुणे.

मुलगा लेहला, मुलगी पोर्ट ब्लेअरला. दुपारी मोबाइलवर पाहिलं, विमानाने मधलं अंतर फक्त चार तास! मघाशी सुनीलला फोन लावला. म्हटलं, "दिवाळीत ताईकडे जा की."

हसला. "आई, ते चाकणचा कायम तुंबलेला चौक मोकळा धरून वेळ सांगितल्यासारखं आहे. थेट विमानच नाही. बदलत बदलत दोन दिवस जातील."

चार तास म्हणे! पण मला खरंच ताईकडेच पाठवायचं होतं का त्याला? शेवटी विचारलंच, "मग विमान बदलायला पुण्यात उतरतात का रे?"

"पुणं वाटेत येत नाही गं."

"बरं," म्हटलं.

दोघांच्या उशांचे अभ्रे मात्र मी दुपारीच बदलून बसलेय.