उंबऱ्यापासून दहा मिनिटांवर

ओसाका, ५ नोव्हेंबर

ती. चिझुएताईस,
तोमोनोरीचा सा. न. वि. वि.

अक्षर ओळखलं असशीलच. पत्र केरात टाकायच्या आधी एवढं वाच. सव्वीस वर्षांत नववर्षाच्या कार्डापलीकडे मी चार ओळी लिहिल्या नाहीत, तेव्हा तुला नवल वाटणं साहजिक आहे.

१४ ऑक्टोबरला मी साकाताला येऊन गेलो. कंपनीनं लिफ्टच्या कामासाठी आकिताला पाठवलं होतं, परतताना पाय आपसूक स्टेशनात उतरले. ओनिगिरीचं दुकान चालवायला मी नाही म्हटलं तेव्हा बाबांनी बजावलं होतं, की मी जिवंत असेपर्यंत हा उंबरा ओलांडायचा नाही. ते जाऊन तीन वर्षं झाली आणि मी अंत्यविधीलाही फिरकलो नाही. म्हणजे हट्टात बापाच्या वरताण निघालो. तो उंबरा शेवटी ओलांडला, तोही गिऱ्हाईक म्हणून!

तू नव्हतीस. कुणी नवी बाई वाढत होती. मी खिडकीजवळच्या शेवटच्या स्टुलावर बसलो, एक उमेच्या आंबट फळाची आणि एक खाऱ्या सॅमनची ओनिगिरी मागवली. आतल्या अर्ध्या पडद्याखालून भात दाबणारे दोन हात तेवढे दिसत होते. आईचेच असणार, असं वाटलं. पण घास घेतला आणि भात तोंडात मोकळा झाला, शीत न् शीत वेगळं. चव छान होती, खोटं कशाला बोलू. पण तो आईचा मुटका नव्हता. आईचा मुटका म्हणजे दगड! शाळेत एकदा आम्ही तो चेंडूसारखा झेलत होतो आणि मास्तरांनी कान पिळला होता, आठवतं?

मला वाटलं, आई आता कामाला येत नाही. किंवा आईच राहिली नाही, आणि मला कळवावं असं कुणाला वाटलं नाही. त्या बाईला विचारायची हिंमत झाली नाही. सूप संपवलं आणि निघालो. तेव्हापासून जिवाला चैन नाही. ताई, आई आहे ना गं?

रागाला मी पात्र आहेच. त्यातून थोडी माया उरली असेल तर दोन ओळी पाठव.

तुझा,
तोमो


साकाता, ९ नोव्हेंबर

चि. तोमो यास,
अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

आई आहे. आणि गाढवा, ते हात आईचेच होते.

तुला मुटका शाळेत नेऊन दुपारी खायचा असायचा. दप्तरात आदळत, उड्या मारत जाणाऱ्या पोराचा मुटका घट्टच दाबावा लागतो. दुकानातलं गिऱ्हाईक तिथल्या तिथे खातं, म्हणून त्याचा मुटका तीनदाच हलक्या हातानं दाबायचा, की पुरे. सगळ्या गावाला हे ठाऊक आहे, फक्त तुला नाही, कारण घरचं पोर काउंटरवर कधी बसलंच नाही! आपण आपले स्वयंपाकघरात उभ्यानं तळाची खरवड खाणारे. जन्मात पहिल्यांदा आईच्या हातचं ताजं खाल्लंस आणि म्हणालास, ही आई नव्हे.

आता माझी चूक ऐक. त्या दिवशी मी मासळीबाजारातून परतले तर आई तुझी थाळी घेऊन बसलेली, धुऊ देईना. उमेची बी कागदी रुमालात बांधून कुणी पुरचुंडी करून ठेवली होती, लहानपणी तू ठेवायचास तशी. आई म्हणाली, तोमो येऊन गेला. मी हसले. म्हटलं, तुला काय, गल्लीतल्या मांजरातही तोमो दिसतो. ती म्हणाली, स्टेशनवर पळत जाऊन बघ तरी. मी मासळी बर्फात ठेवत बसले. ते माझं हसणं आता मला घशाखाली उतरत नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी आईला झटका आला. उजवा हात गेला, बोलणं एकेक शब्दापुरतं राहिलं. म्हणजे तू खाल्लीस ती तिच्या उजव्या हातच्या शेवटच्या ओनिगिऱ्यांपैकी समज.

२३ तारखेची सुट्टी आहे. ये. उंबरा काही तेवढा उंच नाही.

अजूनही तुझीच,
चिझुए


ओसाका, २७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुम्ही दोघींनी काउंटरवर बसवून खाऊ घातलंत, ते अजून जिभेवर आहे. तू चौथ्यांदा दाबायला गेलीस आणि आईनं डाव्या हातानं फळीवर टकटक केलं, तेव्हा तुझा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. अठ्ठावन्नाव्या वर्षीही तुला बोलणी बसतात हे पाहून बरं वाटलं. बाबांच्या फोटोपुढे उदबत्तीही लावली.

एक गोष्ट मनाला खाते आहे. निघताना तू दोन घट्ट ओनिगिऱ्या बांधून दिल्यास आणि आईनं वर स्वतः एका हातानं वळलेली तिसरी ठेवली. स्टेशनात पोचेपर्यंत ती पुडीत फुटली होती. गाडीत सांडेल म्हणून तिथेच बाकावर बसून खाल्ली, शीतं बोटानं वेचून वेचून. त्यात दोन पन्नासची गाडी डोळ्यांदेखत गेली.

पुढच्या गाडीला दीड तास होता. दुकान दहा मिनिटांवर. तीनदा उठलो. पण इतका रीतसर, कमरेतून वाकवाकून निरोप घेतलेला, आता परत कुठल्या तोंडानं जायचं, गाडी चुकली म्हणून सांगायचं, पुन्हा तुम्हाला उठवायचं? आपल्याकडे असं करतात का? बसून राहिलो. सव्वाचारच्या गाडीत पाय ठेवला आणि कळलं, की मी पुन्हा तोच मूर्खपणा केला. आईला हे सांगू नकोस. मार्चमध्ये नक्की येतो.

लोभ जुनाच आहे, तो आता शिळा होऊ देऊ नये.

तुझा,
तोमो


साकाता, १ डिसेंबर

चि. तोमो यास,
अनेक आशीर्वाद.

आईला सांगू नकोस म्हणतोस, पण आईला ठाऊक आहे.

ती तिसरी ओनिगिरी वळत होती तेव्हा मी तिच्यावर ओरडले होते, की हा मुटका स्टेशनपर्यंतसुद्धा टिकायचा नाही. डाव्या हातात जोर आहे तिच्या, माझं मनगट धरते तेव्हा कळतं. ती एकेक शब्द जुळवून म्हणाली, की नाहीच टिकायचा. मला वाटलं, म्हातारीचा हट्ट. माझं नेहमीचंच.

तू गेल्यावर तिनं खुर्ची दाराकडे वळवून घेतली. तीन वाजले तरी आत येईना. गार वारा येतो म्हणून मी दार लोटायला गेले तर तिनं फळीवर टकटक केलं. पांघरूण आणून दिलं, चहा दिला, तो तसाच गार झाला. मी विचारलं, कुणाची वाट बघतेस. तर म्हणाली, पहिली गाडी चुकली. दुसरी, सव्वाचारला.

सव्वाचारची गाडी पुलावरून गेल्याचा आवाज आला. मग तिनं डावा हात पांघरुणात घेतला आणि एकेक शब्द शोधत म्हणाली, घट्टच करायला हवा होता, निदान वाटेत तरी पोटभर खाल्ला असता.

पत्राचं उत्तर नको. मार्चही नको. ये.

तुझी,
ताई