एक ताट जास्त

मी, इंदुमती सदाशिव हेर्लेकर, वय वर्षे शहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार मळमड्डी, धारवाड, आज माझ्या स्वतःच्या घरात बसून, कोणाच्या आग्रहाने किंवा धाकाने नव्हे तर माझ्या राजीखुशीने, हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कान थोडे कमी झाले आहेत, पण ज्या माणसाबरोबर पन्नास वर्षे काढली त्याच्या आवाजापुढे ते इतके टिकले हेच पुष्कळ. ही ओळ गाळावी अशी विनंती वकील श्रीहरी मुतालिक यांनी केली होती. मी नाही म्हटले. कायदा त्यांनी सांभाळावा, माझे बोलणे माझे मी सांभाळते.

माझे पती कै. सदाशिव हेर्लेकर धारवाडच्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक होते आणि मुलांच्या व मुलींच्या बास्केटबॉल संघांना शिकवत असत. दोन वर्षांपूर्वी ते वारले. हुबळीच्या बाजारात हेर्लेकरांचे भांड्यांचे दुकान आहे. तिथे गल्ल्यावर बसायचे सोडून हे चेंडू घेऊन पळाले, तेव्हा माझ्या थोरल्या दिरांनी विचारले होते, "चेंडू आपटून पोट भरतं होय रे?" आता त्याच दुकानात यांचा फोटो आहे आणि त्याला रोज ताजा हार असतो. 

यांचे नाव काढले की धारवाडात निम्मे लोक हात जोडतात आणि निम्मे तोंड फिरवतात. दोघांचेही खरे आहे. यांनी खेड्यातल्या पोरींना विद्यापीठाच्या संघात नेले. आणि त्याच पोरींना चारचौघांत असे फाडून खाल्ले की ऐकणाऱ्याने मान खाली घालावी. मी यांची बायको म्हणून एकीकडचे तेवढे सांगणार नाही. माझ्या मागे यांच्या नावावरून भांडण होऊ नये, मुख्य म्हणजे माझ्या मुलीच्या दारात होऊ नये, म्हणून हा कागद.

कलम १. मळमड्डीतील हे राहते घर मी माझ्या पगारावर कर्ज काढून बांधले असून ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात ते संपूर्णपणे माझी एकुलती एक मुलगी मेधा, राहणार कोल्हापूर, हिचे होईल. तिने राहावे, भाड्याने द्यावे, विकावे. कोणतीही अट नाही. सरांच्या माजी विद्यार्थी मंडळाने या घराचे स्मारक करण्याची इच्छा मला दोन वेळा येऊन कळवली. पुढच्या बागेत पुतळा, आणि पुतळ्याच्या तोंडात शिट्टी! मी त्या मंडळींना चहा दिला. घर देणार नाही.

कलम २. बँकेतील ठेवी आणि माझे दागिने मेधाचेच. परसातल्या भिंतीवर जी बास्केटबॉलची रिंग आहे ती यांनी मेधा सात वर्षांची असताना तिच्यासाठी बसवली होती. ती भिंतीबरोबर तिचीच. गंजली आहे, पण पडलेली नाही.

कलम ३. आमच्याकडे कामाला असलेली कमल माझ्या स्वयंपाकघरात माझ्याइतकीच राबली आहे. मागची खोली ती असेतोवर तिच्याकडे राहावी अशी मेधाला माझी विनंती आहे. अट घालत नाही असे वर म्हटलेच आहे, पण मेधा, तू नाही म्हणणार नाहीस हे मला ठाऊक आहे. स्वयंपाकघरातली सगळी पातेली, परात आणि तवे कमलचे. लग्नात दुकानातून आलेली स्टीलची ताटेही तिचीच, एक सोडून. त्या एका ताटाचे पुढे सांगते.

कलम ४. यांचे सगळे कप, ढाली आणि मानपत्रे माजी विद्यार्थी मंडळाचे अध्यक्ष अमित यांनी टेंपो आणून घेऊन जावीत. एकही मागे ठेवू नये. पन्नास वर्षे मी ती पुसली आहेत, आता त्यांनी पुसावीत. अमितला शिट्टीही हवी आहे. ती देवघराच्या खणात आहे, घ्यावी. आतली गोळी मी काढून टाकली आहे.

अमितवर माझा राग नाही. तो यांचा सर्वांत लाडका कप्तान होता. यांनी त्याला एकदाही मैदानाबाहेर काढले नाही, आणि म्हणूनच तो या घरी कधी जेवला नाही. त्याला सर देव वाटतात याचे कारण हेच असावे असे मला वाटते.

हे बाहेरच्याला कळणार नाही, म्हणून आमच्या घरची रीत सांगते. सराव चालू असताना कोणी चुकले की हे ओरडत, "होरग नडी!" म्हणजे चल, बाहेर हो. मग त्या पोराने किंवा पोरीने बूट हातात घेऊन सगळ्यांसमोर चालत जायचे. संध्याकाळी हे घरी येत, शिट्टी खिळ्याला लावत आणि मला म्हणत, "आज एक ताट जास्त." एवढेच. मग स्कूटर काढून त्या पोराच्या घरी किंवा वसतिगृहावर जात आणि फाटकाबाहेर दोनदा हॉर्न वाजवत. आत जात नसत, हाक मारत नसत. पोरांना तो हॉर्न माहीत होता. आतून ओरडत, "बंदे री सर!" आले, सर. मागे बसून ते पोर इथे यायचे. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगांची चटणी, दही. हे स्वतः उठून त्याच्या भाकरीवर लोणी वाढत, आणि खेळाचा एक शब्द काढत नसत. चुकलो म्हणायला माणसाला जीभ असते. यांना स्कूटर होती.

मला ही रीत आवडायची, पण ती पुरेशी आहे असे मी कधी मानले नाही. मी यांना तोंडावर सांगितले आहे, "जेवणानं पोट भरतं, सगळंच भरत नाही." हे म्हणाले, "वाढ तू." असला माणूस.

कलम ५. कॉलेजच्या कोर्टाला यांचे नाव देण्याचा मंडळाचा विचार आहे. माझी हरकत नाही. मात्र त्याआधी अमितने हुबळीच्या विद्यानगरात जाऊन वैशालीला विचारावे. ती नको म्हणाली तर माझीही संमती नाही असे समजावे. तिला समजवायला बसू नये. विचारावे, ऐकावे आणि परत यावे.

वैशाली ही मेधाची मैत्रीण. दोघी एकाच संघात होत्या. ज्या दिवसाबद्दल मला लिहायचे आहे त्याच्या दुसऱ्या दिवशी संघ मोठ्या स्पर्धेला निघायचा होता. वैशालीची सोपी बास्केट हुकली. यांनी तिला जे बोलायचे ते बोलून, तिच्या वडिलांच्या गरिबीपर्यंत पोचून, "होरग नडी" केले. मेधा मध्ये आली. म्हणाली, "अप्पा, पास माझाच वाईट होता."

मेधा, तो शब्द तुझ्या तोंडून सवयीने गेला. पण यांनी सगळ्या संघासमोर विचारले, "इथं कोण अप्पा? तू पण बाहेर हो."

दुसऱ्या दिवशी संघ तुम्हा दोघींना सोडून गेला. वैशालीने पुन्हा चेंडूला हात लावला नाही. आणि तू त्या सकाळपासून घरातसुद्धा यांना 'सर' म्हणायला लागलीस. सर, चहा. सर, फोन आहे. मग कोल्हापूरला शिकायला गेलीस, तिथेच नोकरी, तिथेच संसार. सणाला यायचीस, माझ्या पाया पडायचीस, सरांची तब्येत विचारायचीस. यांना शेवटचे नेले त्या दिवशी कोणा नवख्याने तुला विचारले, "आपण कोण?" तू म्हणालीस, "मी सरांची विद्यार्थिनी." मी शेजारीच उभी होते. मला कमी ऐकू येते, तेवढे मात्र नेमके ऐकू आले.

कलम ६. स्कूटरविषयी. ही स्कूटर माझ्या पश्चात मेधाला मिळावी असे वकिलांनी मसुद्यात लिहिले होते. त्याचे कारण मला सांगितले पाहिजे.

त्या बाहेर काढल्याच्या संध्याकाळी हे घरी आले आणि नेहमीसारखे म्हणाले, "एक ताट जास्त." मी समजले, वैशाली येणार. हे स्कूटरवरून थेट विद्यानगरला गेले. तिच्या वडिलांनी फाटक उघडले नाही. पोरीला काही सांगितलेही नाही. ते बरोबरच केले त्यांनी. मी त्यांच्या जागी असते तर वरून पाणी ओतले असते. हे एकटेच परत आले. मी भाकऱ्या थापत होते, तू माडीवर होतीस, आणि आपल्याच फाटकाबाहेर हॉर्न वाजला. दोनदा. थोडे थांबून पुन्हा दोनदा.

आता मला सांगा, स्वतःच्या घराच्या फाटकाशी हॉर्न वाजवणाऱ्या नवऱ्याला बायको काय म्हणेल? मी पिठाच्या हाताने बाहेर गेले आणि म्हणाले, "हात मोडलेत होय? कडी काढा की!" मीच कडी काढली. हे आत आले, स्कूटर स्टँडवर लावली, न जेवता झोपले. ते जास्तीचे ताट मी उपडे घालून ठेवले.

हे शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले तेव्हा यांचा तो आवाज गेला होता. शब्द एकेक करून यायचे. एका दुपारी मला म्हणाले, "इंदू, तो हॉर्न मेधाला होता."

मी विचारले, "कुठला हॉर्न?"

"आपल्या फाटकाशी. दोनदा. फाटक उघडायला कोणी दोनदा वाजवतं होय? पोराला बोलवायलाच दोनदा." मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "आली नाही."

मी रडले आणि नंतर मला भयंकर राग आला. अरे बाबा, जिना चढून गेला असतास तर चौदा पायऱ्या होत्या! पण यांना दुसऱ्याच्या दारात जाऊन बोलावता येत होते, स्वतःच्या मुलीला बोलावायचे तर कुठे उभे राहावे ते कळले नाही. म्हणून बिचारे स्वतःच्याच घराबाहेर जाऊन उभे राहिले. आणि तू माडीवर बसून समजलीस की आईसाठी वाजतो आहे.

मेधा, त्या दिवशी जे बोलले गेले ते यामुळे पुसले जात नाही. तू यांना माफ कर असे मी लिहिणार नाही, माझ्या मृत्युपत्रात तुझ्या मनाची वाटणी करण्याचा मला हक्क नाही. पण तुझ्यासाठी फाटकाशी कोणी आलेच नाही असे समजून तू राहू नयेस. आले होते. थांबले होते. हे तुला फोनवर सांगायचा मी प्रयत्न केला, पण सरांचे नाव निघाले की तू पाऊसपाण्याचे विचारतेस.

मसुद्यात मी असे घातले होते की माझ्या मृत्यूनंतर हा कागद वाचायच्या दिवशी मेधाने घरात असावे, फाटकाला कडी घालावी आणि दीपश्रीने यांच्या स्कूटरवर बसून बाहेरून दोनदा हॉर्न वाजवावा. दीपश्री म्हणजे डॉक्टर दीपश्री, यांची जुनी खेळाडू. हिला यांनी इतक्या वेळा बाहेर काढले की हिचे ताट आमच्याकडे जवळजवळ कायमचे होते. आज ती माझी तब्येत तपासून साक्षीला बसली आहे. साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणतात. हरकत नाही, ती जेवून चुकली आहे.

तर हे कलम वाचून होताच दीपश्री म्हणाली, "काकू, मेल्यावर कशाला? ती बाहेर येते की नाही ते तुम्हाला बघायचं नाही होय?"

वकील म्हणाले, "हयातीत द्यायचं असेल तर ते मृत्युपत्रात येत नाही, अक्का."

मी दोघांना गप्प बसवले.  खरे म्हणजे मला भीती वाटत होती. मेल्यावर वाजलेल्या हॉर्नला मेधा आली नाही तर ते मला कळणार नव्हते. सगळ्या आयुष्याचे धाडस मी मेल्यावरसाठी राखून ठेवले होते, यांच्यासारखेच फाटकाबाहेर उभी राहून.

म्हणून मी हे कलम फिरवते. स्कूटर माझ्या पश्चात नव्हे, याच महिन्यात मेधाला मिळेल. दसऱ्याला ती येणार आहे. खंडेनवमीला स्कूटर धुऊन हार घालतोच. त्याच संध्याकाळी दीपश्री ती बाहेर घेऊन जाईल आणि परत येऊन फाटकाशी थांबेल. कडी मी घालेन. कमल वांगी भरेल. त्या रात्री उपडे घातलेले ते एक ताट मी स्वतः मांडेन, तेही मेधाचेच. मेधा बाहेर आली नाही तर ताट झाकून ठेवेन, आणि घर तरीही तिचेच राहील. या वेळी मात्र कडी काढायला मी उठणार नाही.

कलम ७. वरील कलमांची अंमलबजावणी वकील श्रीहरी मुतालिक यांनी करावी. माझ्या तेराव्याला अमितला जेवायला बोलवावे. बिचारा इतकी वर्षे उपाशी आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, चष्मा लावून खाली सही करत आहे.

(सही) इंदुमती सदाशिव हेर्लेकर

खाडाखोडीची नोंद: कलम ६ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द मूळ मसुद्यातून मी स्वतःच्या हाताने खोडले आहेत. वर घडलेली हकीकत सांगताना आले आहेत तेवढेच राहिले.

साक्षीदार १: बाबाजी निकम, शेजारी, मळमड्डी. इंदुमतीबाईंनी माझ्यासमोर सही केली. मधे एकदा डोळे पुसले, पण सही सरळ आली आहे.

साक्षीदार २: डॉ. दीपश्री हंचाटे, सप्तापूर. मी इंदुमतीबाईंना आज तपासले. त्या पूर्ण शुद्धीत असून आपण काय करत आहोत हे त्यांना नीट कळते. त्यांच्या सांगण्यावरून सरांची स्कूटरही तपासली. बॅटरी बदलली आहे. हॉर्न दोनदा वाजवून पाहिला, वाजतो. मी वाजवल्यावर आतून काकू सवयीने ओरडल्या, "कडी काढा की!"

स्थळ: मळमड्डी, धारवाड
दिनांक: ४ ऑक्टोबर २०२४