बिनगॅसची तार

दि. २ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही नीट पोचल्याचं धाकट्याचं पत्र आलं. औषधाची बाटली दिसली की तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेता, असंही त्यानं लिहिलंय. इथे आम्हाला शिस्त लावायची आणि तिथे सुनेला छळायचं, हे काही बरं नाही. खोकला पुरता जाईपर्यंत तिथेच राहा. वर्कशॉप कुठे पळून जात नाही.

इथे कामाची रीघ आहे. पत्र्याची कपाटं निम्मी झाली आणि मशीनवरचं रीळ संपत आलं. काल तारेच्या दुकानात गेले आणि तोंडात बोट घालून परत आले. इतकी वर्षं तार तुम्ही आणायचात, त्यामुळे मला वाटायचं की तार म्हणजे तार. तिथे तर भिंतभर रिळं. काम कशावर आहे, पत्रा किती जाड, वेल्डिंग आत करणार की उघड्यावर, असं दुकानदार विचारत सुटला आणि मी नुसती मान हलवत राहिले. पाळणाघराच्या जिन्यासाठी मी बिनगॅसची तार आणली होती, तीसुद्धा त्याच्याच सांगण्यावरून. त्यापलीकडे माझ्या ज्ञानाचा उजेडच आहे. शेवटी वडिलांना विचारून येते म्हणाले आणि सटकले.

तर कपाटांना कोणती घेऊ? खानावळवाल्यांना भांडी घासायचं स्टीलचं टेबल हवंय. एकजण ॲल्युमिनियमची मोडकी शिडी ठेवून गेलाय. सगळं नीट समजावून लिहा, मी तुमच्याइतकी हुशार नाही.

आणि हो, तुम्ही केलेल्या जिन्याचं फार कौतुक होतंय. पाळणाघराच्या बाई भेटल्या की तुमची चौकशी करतात. कठडा मुलांच्या हाताला कुठे टोचत नाही म्हणाल्या.

तब्येतीला जपा, आणि रागवायचं असेल तर पत्रातून रागवा, म्हणजे दम लागणार नाही.

तुमची,
ठिणगी

दि. ७ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

तोंडातलं बोट आधी बाहेर काढ आणि मग वाच.

कपाटाच्या पत्र्याला तांब्याचा मुलामा असलेली भरीव तार घे, बारीक, शून्य पॉइंट आठ मिलिमीटरची. जाड घेतलीस तर पत्र्याला भोकं पाडशील आणि ती बुजवता बुजवता तुझे केस पिकतील. फाटकं, हातगाडे, असल्या जाड लोखंडाला एक पॉइंट दोनची. ही तार गॅसशिवाय चालत नाही. सिलिंडरातून येणारा गॅस वितळलेल्या लोखंडावर पांघरूण धरतो, म्हणून सांधा घट्ट जमतो.

स्टीलच्या टेबलाला स्टीलचीच तार. साध्या तारेनंही जोडलं जाईल, दिसेलही छान, आणि थोड्याच दिवसांत सांध्यावर तांबेरा चढून खानावळवाला आपल्या दारात भांडायला येईल. दुकानात जाताना चुंबक ने. स्टीलच्या तारेला तो चिकटला तर रीळ तिथेच ठेव आणि चालू लाग. शिडी परत कर. ॲल्युमिनियमची तार मऊ असते, आपल्या मशीनच्या नळीत तिचा गुंता होतो, आणि गॅसही निराळा लागतो. सगळंच आपल्याला आलं पाहिजे असं नाही.

घेताना वेष्टन फाटलेलं नको, तारेवर गंजाचा ठिपका नको, वेटोळी एकावर एक चढलेली नकोत. उघडलेलं रीळ दुकानदार स्वस्तात गळ्यात मारायला बघेल. त्याच्या गोड बोलण्याला भुलू नकोस, तो मलाही काका म्हणतो.

आता तुझी ती बिनगॅसची. ती आतून पोकळ असते आणि पोकळीत भुकटी भरलेली. भुकटी जळून जो धूर होतो तोच गॅसचं काम करतो, म्हणून उघड्यावर, वाऱ्यात ती वापरतात. पण तू ती पुन्हा आणू नकोस. धुराचा लोट, शिवाय सांध्यावर बसलेली खपली फोडत बसा. बाहेरची कामं मी येईपर्यंत घेऊच नकोस. जिन्याचं कौतुक पोचलं. आता तो विषय पुरे.

सूनबाई चांगली आहे, फक्त घड्याळ बघून औषध देते. धाकटा दवाखान्यातून आला की माझ्या छातीला कान लावतो. कंपाउंडर झाला म्हणून डॉक्टर झाल्यासारखा वागतो.

जपून काम कर आणि म्हाताऱ्यावर माया राहू दे.

तुझा,
बाबा

दि. १३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बाबांच्या हाती पडू देऊ नकोस. वाचून झालं की खिशात ठेव.

बाबांनी सांगितल्याप्रमाणे तार आणली. ती ठेवायला फळी रिकामी करत होते, तर रंगाच्या डब्यांमागे मी जिन्यासाठी आणलेलं बिनगॅसच्या तारेचं रीळ सापडलं. वेष्टनसुद्धा फाडलेलं नाही. मला आधी वाटलं की त्यांनी दुसरं आणलं असेल. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला की तुमच्याकडे त्या तारेचं एकच रीळ गेलंय.

तुला या गोष्टी कळत नाहीत, म्हणून सोपं करून लिहिते. जिना इमारतीच्या बाहेरच्या अंगाला आहे, तिथे वारा नुसता भणाणतो. भरीव तारेवर सिलिंडरचा गॅस धरावा लागतो आणि वाऱ्यात तो उडून जातो. मग सांधा वरून गुळगुळीत दिसतो, पण आतून पावासारखी जाळी पडलेली असते. वजन पेलत पेलत तो एक दिवस सुटतो. बाबांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. मलाच त्यांनी शिकवलं.

जिन्याचं काम झालं त्या दिवशी मी कपाटांची मापं घ्यायला गेले होते. जिन्याखाली शिंपी बसतो, त्याला सहज विचारल्यासारखं करून विचारलं. बाबांनी आडोशाला चादर बांधली होती आणि ती दोनदा उडून त्याच्या शिवणाच्या मशीनवर येऊन पडली, असं तो हसत हसत सांगत होता. मला हसू आलं नाही. मी परत आले तेव्हा सगळे सांधे घासून रंगसुद्धा देऊन झाला होता. तेव्हा मी त्यांच्या झपाट्याचं कौतुक केलं होतं रे.

त्या जिन्यानं रोज सकाळी आया मुलांना कडेवर घेऊन वर जातात. मी दोनदा समोर जाऊन उभी राहिले आणि परत आले. बाबांनी असं का केलं असेल? बिनगॅसच्या तारेला नावं ठेवतात, पण म्हणून हट्टानं पोरांचा जीव टांगणीला लावणारे ते नव्हेत. त्यांच्या कलानं घे आणि विचार. मला फार भीती वाटते आहे.

लगेच उत्तर लिही, आणि आपली ताई वेडी आहे असं आत्ताच ठरवू नकोस.

तुझी,
ताई

दि. १७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू वेडी नाहीस. विचारलं मी. आधी मला झापलं, मग खोकल्याची उबळ आली आणि बोलणं तिथेच थांबलं. संध्याकाळी स्वतःहून म्हणाले की आडोसा पक्का बांधला होता, सांधे ठणठणीत आहेत, आणि तुझ्या जन्माआधीपासून ते हे काम करतात.

पण त्यांनी ती तार का उघडली नाही, ते मला माहीत आहे. बाबांचा खोकला साधा नाही. गेल्या वर्षी इथे आले होते तेव्हाच डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून धूर बंद करायला सांगितलं होतं. फुप्फुसं खराब झाली आहेत ताई, आणि गेलेलं परत येत नाही. बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं की तुला सांगायचं नाही, नाहीतर तू त्यांना मशीनला हात लावू देणार नाहीस. बिनगॅसच्या तारेचा धूर त्यांना पाच मिनिटंसुद्धा सोसला नसता. ते तुला सांगता येईना, म्हणून त्यांनी तुझ्यासमोर ती तार घेतली आणि फळीवर लपवून दुसरीनं काम उरकलं. मी वचन पाळलं आणि हे होऊन बसलं.

आता माझं ऐक. सुट्टीच्या दिवशी पाळणाघर बंद असेल तेव्हा जा. तपासणी करायची आहे म्हणून सांग, सांधे कापून नव्यानं मार, रंग दे, विषय मिटला. कुणाला काही बोलू नकोस. गावभर बभ्रा झाला तर त्या माणसाकडे उरलं काय? श्वास तर तसाही त्याला पुरत नाही. डॉक्टर म्हणतात की मनाला धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका.

मला माफ केलंस की नाही, ते पुढच्या पत्रात लिही. तोवर घास उतरायचा नाही.

तुझा,
धाकटा

दि. २३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

धाकट्यावर रागावू नका. त्याच्याकडून मीच काढून घेतलं. तुमच्या छातीबद्दल मला सगळं कळलंय, आणि जिन्याबद्दलही. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

सुट्टीच्या दिवशी मशीन हातगाडीवर घालून गेले. कुणाला न सांगता सांधे बदलायचे आणि गप्प घरी यायचं, असं ठरवलं होतं. खोटं काय बोलायचं तेसुद्धा वाटेत घोकलं. पाळणाघरात कुणी नसेल वाटलं होतं, पण बाई फरशी पुसत होत्या आणि त्यांची नात वरच्या पायरीवर बसून पायांत उलटे बूट घालत होती. मला बघून बाईंना आनंद झाला. तुमची चौकशी केली. जिना नवा झाल्यापासून जिवाला घोर नाही म्हणाल्या.

त्यानंतर घोकलेलं तोंडातून निघेना. आधी नातीला आत घ्या म्हटलं आणि मग सगळं सांगितलं. बाईंना आधी काही समजेना. म्हणून वरच्या चौथऱ्याखालच्या आधाराच्या एका सांध्यावरचा रंग घासून काढला. सुईनं टोचावीत तशी भोकं दिसली. ग्राइंडर जरा खोल नेला तर आत सगळी जाळी होती. बाईंनी वाकून ते बघितलं. मग त्यांनी जिन्याच्या तोंडाशी दोरी बांधली. आता मुलं तळमजल्यावरच्या शिंप्याच्या घरातून, आतल्या अरुंद जिन्यानं वर जातात.

बाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तुमच्यावर विश्वास होता म्हणून दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं, एवढंच म्हणाल्या. नवा जिना मी फुकट करून देते म्हटलं, तर नको म्हणाल्या. काम दुसऱ्या वेल्डरला दिलं. काल तो आला तेव्हा मी जाऊन उभी राहिले, कारण कोणता सांधा कुठे आहे ते सांगायला आपलं कुणीतरी हवं होतं. बरेचसे सांधे चांगले निघाले बाबा. पण चौथऱ्याचा दुसरा आधार त्यानं अर्धाच कापला आणि उरलेला हातानं सुटला. त्यानं तो खाली ठेवला आणि पुढच्या सांध्याला लागला.

एका घरानं मूल काढून घेतलं. खानावळवाल्यांनी टेबलाचं काम थांबवलंय. मी तुम्हाला न विचारता तुमचं नाव घालवलं. धाकटा म्हणाला होता की तुम्हाला धक्का बसेल असं करू नकोस, आणि मी नेमकं तेच केलं. पण त्या पायरीवर ती मुलगी बसली होती हो. तुम्ही माझ्या जागी असतात तर हेच केलं असतंत, असं स्वतःला सांगते आणि तेवढ्या आधारावर दिवस काढते.

रागावला असाल तर रागावल्याचं कळवा. तुमच्या अक्षराची वाट बघते आहे.

तुमची,
ठिणगी

दि. ३ एप्रिल

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचून मी तीन-चार दिवस धड जेवलो नाही. सूनबाईवर उगाच खेकसलो. धाकट्याशी बोलणं टाकलं होतं, आता पुन्हा सुरू केलंय, कारण घरात भांडायला दुसरं कुणी नाही.

आधी तुला शिव्या द्यायचं ठरवलं होतं. बापाला न विचारता परक्याच्या दारात जाऊन सांगितलंस. पण प्रत्येक वेळी लिहायला बसलो की त्या सुटलेल्या आधारापाशी हात थांबायचा. तो मी सगळ्यात शेवटी मारला. चादर उडाली होती, छाती भरून आली होती, आणि खाली उतरून घरी जावं एवढंच मनात होतं. जाळी पडणार हे मला तारेच्या आवाजावरूनच कळलं. रंगाचा हात घाईनं मारला तो तुझ्या नजरेला भिऊन.

तू लिहितेस की तुझ्या जागी मी हेच केलं असतं. ते खोटं आहे, आणि त्यावर तू दिवस काढू नयेस म्हणून हे पत्र. मी सांगितलं नसतं. येता-जाता खालून जिन्याकडे बघितलं असतं, अजून उभा आहे म्हणून बरं वाटलं असतं, आणि घरी येऊन चहा मागितला असता. तू जे केलंस ते माझ्याकडून शिकली नाहीस. कुठून शिकलीस, मला ठाऊक नाही.

पाळणाघराच्या बाईंना मी निराळं पत्र घातलंय. उत्तर येईल असं वाटत नाही. ते रीळ कोरड्या जागी ठेव, ओल लागली की आतली भुकटी फुकट जाते. त्या तारेनं काम करताना वारा पाठीशी घे म्हणजे धूर तुझ्या तोंडावर येणार नाही, आणि नाकाला चांगला मास्क लाव. त्यात कंजूषपणा करशील तर मी तिथे येऊन बोलेन.

येणार तर आहेच. डॉक्टर महिनाभरात सोडतील. आता माझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून डोकं ठिकाणावर आहे तोवर लिहून ठेवतो. पहिले काही दिवस मी मुकाट खुर्चीवर बसेन. मग एखादं जुनं गिऱ्हाईक येईल, आणि एवढं एकच काम म्हणून मी तुझ्याकडे वेल्डिंगची गन मागेन. गोड बोलेन, रागावेन, तुला हे पत्र लिहिलंच नव्हतं असंही म्हणेन. देऊ नकोस.

माया आहेच, पण यापुढे माझ्यावर वचकही असू दे.

तुझा,
बाबा