टेपवरचं पंधरावं नाव

मी, नोरीन अविला, वय सहासष्ट, राहणार सॅन लिअँड्रो, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझ्याच अक्षरात लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. शंका असेल त्याने डॉक्टरांना विचारावं. याआधी केलेली मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी भाची डेनिस हिला. अंमलबजावणीही तिनेच करावी. मागचं लिंबाचं झाड तोडायचं नाही. तिच्या नवऱ्याचा तिथे गाडी लावायचा डाव मला ठाऊक आहे.

२. टीव्हीवर चित्राचा किती भाग मावेल ते बघायची माझी टेबलावरची पुठ्ठ्याची चौकट आमच्या स्टुडिओच्या संग्रहात काम करणाऱ्या टेसाला. संगणकावर बनलेल्या चित्रपटांच्या घरी बघायच्या, व्हिडिओ टेपवरच्या आवृत्त्या मी बारा वर्षं केल्या. थिएटरचा पडदा लांबट, तेव्हाचा टीव्ही चौकोनी. बाकीच्या चित्रपटांच्या कडा सरळ छाटत. आम्हाला पात्रंच उचलून जवळ आणता येत. टगबोटींच्या, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटींच्या चित्रपटात आई-बोट आणि पिल्लू-बोट थिएटरात पडद्याच्या दोन टोकांना आहेत, टेपवर एकमेकींना खेटून. ते काम माझं. दिग्दर्शक ओरडला होता, "अगं बाई, माझा अख्खा समुद्र खाल्लास की!"

३. निर्माता वॉरन किटेल याला काहीही नाही. चित्रपट बनत असताना आमच्यापैकी कोणाला मूल झालं, की त्याचं नाव शेवटच्या नामावलीत घालायची आमच्याकडे पद्धत आहे. टगबोटींचा चित्रपट बनत असताना माझा एल्डन जन्मला आणि अकरा दिवस जगला. वॉरनने त्याचं नाव यादीतून काढून टाकलं आणि मग मला सांगायला आला. "नोरीन, लोक येऊन अभिनंदन करतील गं. कसं सोसशील?" हेतू चांगला होता, मान्य. माफ केलेलं नाही. दफनाला त्याने जरूर यावं, भाषण करू नये.

४. टगबोटींची टेप. चौकोनी पडद्यावर नामावली मावेना, म्हणून ती मीच नव्याने बसवली, आणि चौदा मुलांच्या नावांखाली एल्डनचं पंधरावं नाव घातलं. कोणी तपासलं नाही. आता स्टुडिओ थिएटरची आणि टीव्हीची अशा दोन्ही आवृत्त्या एकत्र काढतो आहे. त्यांच्याकडच्या चौकोनी प्रतीचा शेवट खराब झाला आहे. धड टेप फक्त माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात टेसा ती बघायला आली.

"नोरीन, याद्या जुळत नाहीयेत. टेपवर एक नाव जास्त आहे. चुकून पडलं असेल ना? काढून टाकते."

"चूक नाही ती. माझा मुलगा आहे."

पोरीने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी नाही काढणार. पण वरून परवानगी लागेल."

वर म्हणजे वॉरनच.

तेव्हा टेप स्टुडिओला, एका अटीवर: नामावली आहे तशीच राहील. माझ्या मृत्यूनंतर नव्वद दिवसांत वॉरनने तसं लिहून सही दिली नाही, तर टेप गावच्या वाचनालयाला द्यावी. मागेल त्याला दाखवावी.

५. वकिलांच्या मसुद्यात एक वाक्य होतं: "मृत्युपत्र करणाऱ्या व्यक्तीस अपत्य नाही." ते मी इथे उतरवलेलं नाही. वकील म्हणाले, "कायद्याने काही फरक पडत नाही, बाई." मला पडतो. म्हणून लिहिते: मला एक मुलगा झाला. नाव एल्डन अविला. जन्म ३ मार्च १९९८, मृत्यू १४ मार्च १९९८. हे आता कोणी खोडू नये.

सही: नोरीन अविला
साक्षीदार: ग्लोरिया तवारेस, शेजारीण, हॅरोल्ड नुनेस, निवृत्त पोस्टमन. दोघांनी पूर्ण वाचून माझ्यासमोर सह्या केल्या.
सॅन लिअँड्रो, ९ मे २०२४