होळीपर्यंत एकतीस पाडे

॥ श्री ॥
मोखाडे, मार्गशीर्ष व. ७, शके १८३३

ती. सौ. वेणूताईस, धाकटा भाऊ मोरेश्वर याचा सा. न. वि. वि.

तुझे मेतकूट आणि त्यासोबतची बोलणी, दोन्ही पोचली. मेतकूट संपत आले, बोलणी अजून पुरत आहेत.

देवी काढण्याच्या कामावर इथे येऊन दीड महिना झाला. सूर्यमाळच्या अंगाचे एकतीस पाडे माझ्या वाट्याला आले आहेत. होळीच्या आत त्यांतले एकही मूल टोचल्यावाचून ठेवायचे नाही, असे मी ठरवून टाकले आहे. माझ्या आधीच्या माणसाला तीन वर्षांत बारा पाडे झाले होते. खोलीच्या भिंतीवर कोळशाने एकतीस रेघा ओढल्या आहेत. पाडा झाला की एक पुसतो. आठ पुसल्या.

एवढी घाई कशाची, असे तू विचारतेस. आपली बहीण गौरा देवीने गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आणि तुझ्या तोंडावरच्या खपल्या अजून पडायच्या होत्या. आणखी काय सांगू? शिवाय लस उन्हाने मरते. नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून नेतो, पण फाल्गुन लागल्यावर त्या टिकायच्या नाहीत. म्हणून सारे सोडून एवढेच धरले आहे. लोक सबबी फार सांगतात. आज पोर मामाकडे गेले, आज देवाचा वार. त्या ऐकत बसायचे नाही, एवढे शिकलो.

जिजाजींस नमस्कार. तुझी बोलणी अशीच येत राहोत.

तुझा
मोरेश्वर

॥ श्री ॥
जव्हार, पौष शु. ३

चि. मोरेश्वर यास वेणूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे थंडी एवढी, की सकाळी तेल थिजलेले असते. यांना संस्थानच्या दफ्तरात काम वाढले आहे आणि खोकलाही. काढा घ्या म्हटले तर म्हणतात, दफ्तरातली धूळ काढ्याला भीत नाही.

तुझे पत्र तीनदा वाचले. त्यात एकतीस सापडले, आठ सापडले, बाराही सापडले. एका पोराचे नाव काही सापडले नाही. तुझा स्वभाव मी ओळखते. विहिरीत पोहायला शिकलास तेव्हा शंभर फेऱ्यांचा हट्ट धरलास आणि ओठ निळे पडले तरी बाहेर येईनास. मला पोहता येत नव्हते, मी काठावर ओरडत होते, आणि तुला ते ऐकूही गेले नाही.

म्हणून दोन गोष्टी सांगते. पाय दुखत असताना आणि पोट रिकामे असताना जे ठरवशील, ते सकाळपर्यंत राहू दे. आणि ज्या पाड्यावर जाशील तिथे असे एक माणूस शोध, की ते तुला नको म्हणेल आणि तू थांबशील. साऱ्याच सबबी नसतात, मोरू.

लाडू पाठवीत आहे. वाटेत बसून खा, चालता चालता नको.

तुझी काळजी करणारी
वेणूताई

॥ श्री ॥
मोखाडे, पौष व. ११

ती. सौ. वेणूताईस सा. न. वि. वि.

हे पत्र जिजाजींना दाखवू नकोस. तुझे पत्र हाती पडले त्याच्या दोनच दिवस आधी माझ्या हातून व्हायचे ते होऊन गेले होते.

सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर सावळा म्हणून एक जण नाचणी पिकवतो. त्याची थोरली मुलगी चिमी, चार वर्षांची. मी तिथे गेलो तेव्हा उन्हे कलली होती आणि तो दिवसातला तिसरा पाडा होता. चिमीची आजी, काळी, म्हणाली की पोरीचे अंग तापले आहे, दोन दिवसांनी या. सकाळपासून असली कारणे घरोघर ऐकली होती. नळीत एका मुलापुरती लस उरली होती. मी पोरीचा दंड धरला. तो कढत होता, ताई. माझ्या बोटांना ते कळले, आणि तरी मी टोचले.

सहाव्या दिवशी ती गेली.

सरकारी डॉक्टरांनी चौकशी करून लिहून दिले, की आजार छातीत उतरला होता, लसीचा दोष नाही. ते खरेही असेल. तो कागद घेऊन मी सावळ्याकडे गेलो आणि त्याला वाचून दाखवला. त्याने सगळा ऐकून घेतला. मग म्हणाला, “तुम्ही पोरीचा हात पायला, डाक्टर. तोंड पायला नाय.”

आता मी येतो असे दिसले, की पाडे रिकामे होतात. बाया पोरे घेऊन रानात जातात. सतरा रेघा उरल्या आहेत. त्यातच घाटाखालच्या एका गावात देवीची साथ आल्याची पक्की बातमी आहे. वरच्या एका साहेबांनी कळवले आहे, की चार शिपाई देतो, उजाडताच पाड्याला वेढा घाला आणि काम उरका. आठ दिवसांत उत्तर द्यायचे आहे. शिपाई घेतले तर होळीपर्यंत सारे होईल. नाही घेतले तर राजीनामाच द्यावा असे वाटते. तू सांगशील ते करीन.

मोरेश्वर

॥ श्री ॥
जव्हार, माघ शु. १

चि. मोरूस अनेक आशीर्वाद.

पत्र यांना दाखवले नाही. चूक तुझी आहे. नाही म्हटले असते तर तुला बरे वाटले असते, पण मी तसे म्हणणार नाही.

राजीनाम्याचे आत्ता काढू नकोस. दुःखात घेतलेला निर्णयही थकव्यातल्या निर्णयासारखाच असतो. शिपायांचे म्हणशील तर, वेढा घालून तू पोरे टोचशील, पण आठव्या दिवशी लस लागून फोड धरला की नाही हे पाहायला जाशील तेव्हा दारात कोण उभे राहील? पुढच्या वर्षी जन्मलेली पोरे तुझ्यापुढे कोण आणील? मात्र माझे ऐकून शिपाई नाकारलेस आणि साथ वर चढली, तर त्या पोरांचा भार माझ्यावरही आहे. दोन दिवस चुलीपुढे बसून हाच विचार केला. तरी माझे मत शिपाई नकोत असेच पडते.

सावळ्याकडे पुन्हा जा. कागद नेऊ नकोस, टोचण्याची पेटीही नेऊ नकोस. तिथे काय बोलावे ते मला ठाऊक नाही. आणि भिंतीवरच्या त्या रेघा आज पुसून टाक.

जपून असावे. पत्र लवकर धाड, चार ओळींचे का होईना.

वेणूताई

॥ श्री ॥
मोखाडे, फाल्गुन व. ६

ती. सौ. वेणूताईस सा. न. वि. वि.

होळी झाली. पाडे झाले एकोणीस.

शिपाई नाकारले. साहेबांनी माझ्याविरुद्ध वर लिहिले आहे, त्याचे काय होईल ते होवो. सावळ्याकडे चार वेळा गेलो. पहिल्या खेपेला काळी आजी अंगणात नाचणी पाखडत होती. मी म्हणालो, आजी, तुम्ही सांगितले होते, मी ऐकले नाही. ती पाखडत राहिली. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेलाही अंगणाच्या कडेला बसून परत आलो. चौथ्या खेपेला तिने तांब्याभर पाणी पुढे ठेवले. तिथे माघापासूनच पाणी तासभर चालून आणावे लागते.

साथ वर चढली, ताई. ढवळू नावाच्या माणसाची दोन पोरे गेली, बुध्या आणि सकू. त्यांच्या पाड्यावर मी पोचलो नव्हतो. शिपाई घेतले असते तर ती वाचली असती का? बहुधा वाचली असती. हे तुला लिहू नये असे वाटले, पण तूही मला खोटे लिहिले नव्हतेस. हा भार आपण दोघांनी वाहायचा आहे.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सावळा आपणहून मोखाड्यास आला. धाकटी मुलगी रामी खांद्यावर, दोन वर्षांची. तिला टोचा म्हणाला. मी तिची छाती ऐकली, जीभ पाहिली. अंगात कणकण होती. माझ्याजवळ एकच नळी होती, पुढची आठ दिवस यायची नव्हती, आणि साथ दोन कोसांवर. सावळा हात जोडू लागला. मी म्हणालो, “आज नाही.” बापलेकीला माझ्याच खोलीत ठेवून घेतले. मी पेज शिजवली, नळी ओल्या वाळूत पुरून ठेवली. चौथ्या सकाळी अंग निवळले, तेव्हा टोचले. आठव्या दिवशी फोड चांगला धरला होता.

आता सावळा माझ्याबरोबर फिरतो. दिवसाला एकच पाडा करतो. पाड्यावर पोचलो की मी पेटी उघडत नाही, तो आधी बोलतो. त्यांच्या घरच्या बोलीत बोलतो, मला अर्धेमुर्धे समजते. रामीचा दंड पुढे करून दाखवतो. पण त्याआधी, प्रत्येक पाड्यावर, तो चिमीचे नाव घेतो आणि माझ्याकडे बोट करतो. त्याचे सांगून होईपर्यंत मी मान खाली न घालता उभा राहतो. मग कोणीतरी आपले पोर घेऊन पुढे येते, किंवा येत नाही.

बारा पाडे राहिले आहेत. उद्या पहाटे निघायचे आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
मोरू